लघवीची घाई, ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर आणि ओटीपोटाची फिजिओथेरपी

रेवा:

बायकांच्या गप्पांत गुडघेदुखी येते, थायरॉइड येतो, पाळी जातानाचा त्रास येतो. "लघवी धरवत नाही" हे मात्र कुणी बोलत नाही. बोललंच तर "बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच" यावर विषय मिटतो. यावर चांगला उपचार आहे आणि मुंबईत तो मिळतो, तरी किती जणी वर्षानुवर्षं पॅड लावून दिवस काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आधी कशाबद्दल बोलतेय ते सांगते. ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरमध्ये लघवीची भावना अचानक येते आणि ती आवरता येत नाही. सोबत दिवसातून आठापेक्षा जास्त वेळा जावं लागतं, रात्री उठावं लागतं, काही जणींना दारापर्यंत पोचायच्या आत थोडी होऊनही जाते. खोकताना, शिंकताना, जड पिशवी उचलताना गळते तो प्रकार वेगळा, त्याला डॉक्टर स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. काहींना दोन्ही असतं. दोन्हींचे उपचार थोडे वेगळे आहेत, त्यामुळे आपलं नेमकं कोणतं हे आधी कळायला हवं.

मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. संध्याकाळी निघताना ऑफिसात जाऊन आले तरी दिवा स्टेशन मागे पडलं की ओटीपोटात कळ सुरू व्हायची. मग स्टेशनचा पूल, रिक्षाची रांग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घराचं कुलूप. किल्ली हातात घेतली की लघवी अगदी तोंडाशी यायची. पुढे कळलं की हे खूप बायकांना होतं. रोज कुलूप उघडलं की लगेच संडास, अशी मेंदूने जोडी लावून ठेवलेली असते, त्यामुळे किल्ली दिसताच मूत्राशय तयारीला लागतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी लघवीची साधी तपासणी, कल्चर, साखर आणि सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघितलं. जंतुसंसर्ग नाही, साखर नाही, आत काही उरत नाही, असं निघालं. मग त्यांनी ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत व्यायाम असा झालाच नाही. बाळंतपण कसं झालं, टाके किती पडले, पोट रोज साफ होतं का, चहा किती वेळा, बसायचं काम की उभं राहायचं, पॅड केव्हापासून, असे प्रश्नच जास्त. घरी जाताना तीन दिवसांची डायरी भरायला दिली. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेले, किती मिली झाली, घाई किती होती, कपडे ओले झाले का. स्वयंपाकघरातला मापाचा जुना प्लास्टिकचा मग मी बाथरूममध्ये ठेवला. या डायरीने माझे डोळे उघडले. सकाळी उठल्यावर भरपूर होत होती, पण दिवसा जीव काढून पळत जायचे तेव्हा कितीतरी वेळा शंभर मिलीसुद्धा होत नव्हती. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते आणि १५० ते २०० च्या आसपास पहिली जाणीव होते. म्हणजे पिशवी लहान नव्हती, ती वेळेआधी हाका मारत होती.

आता ओटीपोटाच्या स्नायूंचा याच्याशी काय संबंध? पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. मूत्राशयाच्या भिंतीत डिट्रुसर नावाचा स्नायू आहे. पिशवी भरत असताना तो सैल राहायला हवा आणि आपण बसल्यावर आकुंचन पावायला हवा. आपल्या त्रासात तो मधेच आकुंचन पावू लागतो. झोळीचे स्नायू आवळले की मज्जारज्जूमार्फत डिट्रुसरला सैल पडण्याचा निरोप जातो. शरीरात ही सोय मुळातच आहे. फिजिओथेरपीत ती हवी तेव्हा वापरायला शिकवतात.

यातून शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही: कळ आली की पळायचं नाही. जिथे आहोत तिथे थांबायचं, शक्य असेल तर बसायचं. खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळायचे आणि दर वेळी पूर्ण सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. मन दुसऱ्या कशात तरी घालायचं, मी गाडीतून दिसणारी स्टेशनांची नावं उलटी म्हणते. कळ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि उतरते. उतरल्यावर मग सावकाश चालत जायचं. पळत सुटलं की लाटेच्या टोकावरच आपण पोचतो, वर पोटावर दाब पडतो आणि तिथेच गळते.

कुलपाशी मी आता असं करते. पर्स खाली ठेवते, दाराला पाठ लावून उभी राहते, झटपट आवळणं करते, कळ ओसरली की कुलूप काढते. आत गेल्यावर आधी चपला जागेवर, मग हातपाय धुणं, मग देवापाशी दिवा. त्यानंतर जायचं. पहिल्या आठवड्यांत हे फार जड गेलं, पण किल्ली आणि संडास यांची जोडी हळूहळू तुटली.

सोबत लघवीच्या वेळांमधलं अंतर वाढवणं चालू होतं. दोन वेळांमधलं अंतर जितकं सहज जमतं तिथून सुरुवात करायची आणि ते जमलं की दर वेळी पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची, तीन-साडेतीन तासांपर्यंत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही घाईच्या त्रासासाठी निदान सहा आठवडे मूत्राशयाला अशी सवय लावणं हा पहिला उपचार सांगितलाय, औषध त्यानंतर.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. खरं नाव द्यायची गरज नाही.

अनघा_विरार:

रेवाताई, वाचताना वाटलं माझंच कुणीतरी लिहिलंय. मी विरारहून चर्चगेटला येते. सकाळी चहा आणि गोळ्यांपुरतं पाणी, मग ऑफिसात पोचेपर्यंत घोटही नाही. लेडीज डब्यात आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका असंच करतात. लोकलमध्ये सोय नाही आणि मधे उतरलं तर पुढच्या गाडीत चढायला मिळत नाही. निघण्याआधी लागलेली नसली तरी जाऊन यायचं, दादरला उतरले तर तिथेही जाऊन यायचं, ही सवयच झालीय. हे चूक आहे का? आणि सार्वजनिक संडासात मी कधीच टेकत नाही, अधांतरी बसते.

केतकी_फिजिओ:

नमस्कार. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अनघाताई, लांबच्या प्रवासाआधी एकदा जाऊन येणं ठीक आहे. पण दिवसभर "असू दे, जाऊन येते" असं चाललं तर मूत्राशयाला पूर्ण भरायची सवयच राहत नाही आणि ते थोडं भरलं तरी हाक मारू लागतं. पाणी तोडण्याचाही उलटा परिणाम होतो. लघवी घट्ट होते, घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, आणि बद्धकोष्ठ झालं की भरलेलं आतडं शेजारून मूत्राशयावर दाबतं. दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर, थोडं थोडं, विभागून प्या. ऑफिसात पोचल्यावर एकदम बाटली संपवू नका. प्रवासाआधीच्या तासाभरात कमी घेतलं तर चालेल, पण बाकीच्या दिवसात ते भरून निघायला हवं. चहा-कॉफी मात्र नक्की कमी करा, त्यातलं कॅफीन घाई वाढवतं. एकदम सोडलीत तर डोकं दुखेल, म्हणून एकेक कप कमी करा.

अधांतरी बसण्याबद्दल. मांड्या ताणून उभं राहिलं की ओटीपोटाचा तळ सैल पडत नाही आणि मूत्राशय नीट रिकामं होत नाही, मग अर्ध्या तासात परत लागते. कमोडवर टिश्यू पसरून किंवा सीट पुसून पूर्ण टेका. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर टाचा टेकवून पूर्ण बसा, ती स्थिती उत्तम. कुंथायचं नाही, घाई करायची नाही.

पुनर्वसु:

इतकं सगळं करायला वेळ कुणाकडे आहे? मला युरॉलॉजिस्टनी घाई कमी करणारी सॉलिफेनासिनची गोळी दिली, पंधरा दिवसांत फरक पडला. तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही, पण निदान मीटिंगमध्ये बसता येतं. व्यायामाने एवढं होतं यावर माझा विश्वास बसत नाही.

केतकी_फिजिओ:

पुनर्वसु, गोळीने बरं वाटतंय तर ती मनाने बंद करू नका. औषध आणि फिजिओथेरपी एकत्र चालतात, आणि गोळीमुळे घाई कमी असते तेव्हा दोन वेळांमधलं अंतर वाढवणं सोपं जातं. पण तुम्हाला जो बद्धकोष्ठाचा त्रास होतोय तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, त्यानेच लघवीची घाई वाढते. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही एका गटातली औषधं. तोंड कोरडं पडणं आणि मलावरोध हे त्यांचे नेहमीचे परिणाम, आणि वयस्क माणसांत स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉन वेगळ्या प्रकारे काम करतं, त्यात हे त्रास कमी, पण रक्तदाब खूप वाढलेला आणि आटोक्यात नसेल तर ते देत नाहीत.

वेळेबद्दल म्हणाल तर झटपट आवळण्याला वेगळा वेळ लागत नाही. कळ येईल तेव्हाच ते करायचं. ताकदीचे व्यायाम एका वेळी पाच-सात मिनिटांचे असतात. गोळी बंद केली की तिचा परिणाम थांबतो. हे कसब मात्र हाताशी राहतं, आणि मला रुग्णांना तेच द्यायचं असतं.

मुग्धा:

माझा प्रश्न उलटा आहे. इथे सगळ्या आवळण्याबद्दल बोलतायत. मी एका व्हिडिओत बघून रोज शंभर-शंभर केगल, म्हणजे हे खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, करायला लागले. घाई कमी व्हायच्या ऐवजी वाढली. लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, थांबत थांबत होते, आणि (इथे लिहितेय, कारण कुठे बोलता येत नाही) नवऱ्याजवळ जाताना दुखतं. माझे स्नायू इतके कमजोर आहेत का?

केतकी_फिजिओ:

मुग्धा, बरं झालं लिहिलंस. तू सांगतेयस त्यावरून कमजोरीपेक्षा उलट शक्यता जास्त वाटते. झोळीचे स्नायू सतत आवळलेले असतील तर ते दमतात, दुखतात, लघवीची धार अडवतात आणि मूत्राशयाला सतत खोटे निरोप पाठवतात. अशा बाईला आणखी आवळायला लावलं की त्रास वाढतोच. लघवी अडकत होणं, संबंधाच्या वेळी दुखणं, पोट साफ होताना जोर लावावा लागणं, या खुणा दिसल्या तर केगल थांबवावेत आणि तपासून घ्यावं. प्रत्यक्ष हाताने तपासल्याशिवाय मी नक्की काही सांगणार नाही.

तोवर करण्यासारखं एवढंच. पाठीवर झोपून गुडघे वाकवून पोटात खोल श्वास घे. श्वास आत येताना ओटीपोटाचा तळ खाली, सैल पडतोय हे अनुभव. बालासनात (गुडघ्यांवर बसून पुढे वाकून) कपाळ उशीवर टेकवून तसाच श्वास. मांडीला मांडी दाबून किंवा दिवसभर पोट आत ओढून बसू नको. आमच्याकडे अशा रुग्णांना आधी कित्येक आठवडे फक्त सोडायला शिकवतो, आवळणं त्यानंतर.

सगळ्यांसाठीच सांगते. डॉ. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा सोबत पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजणारं उपकरणही वापरलं होतं. बाईला स्वतः बघता यावं की आपण योग्य स्नायू आवळतोय का. व्यायामाचं नाव घरोघरी पोचलं, पण तपासून शिकवण्याचा भाग वाटेत गळून गेला. तपासलं की कितीतरी जणी पोट आत ओढतात, मांड्या आणि नितंब आवळतात, श्वास रोखतात. काही तर उचलायच्या ऐवजी खाली जोर लावतात, त्याने नुकसान होतं.

रेवा:

हे अगदी खरं. मला शिकवताना माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं, वायू आणि लघवी दोन्ही एकदम अडवायचीय असं समजा आणि आत वर उचला. त्यांचा एक हात माझ्या पोटावर होता. म्हणाल्या, पोट सोडा, मांड्या सोडा, आता माझ्याशी बोलत बोलत उचला. बोलत बोलत करायला लागल्यावर श्वास अडकेना आणि मग पहिल्यांदा आत काहीतरी बारीकसं वर सरकल्यासारखं जाणवलं. इतकं बारीक की व्हिडिओ बघून ते सापडणं कठीणच.

जास्वंद:

मी सव्वीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही. मलाही दर तासाला जावं लागतं, लेक्चरमधून उठून जायची लाज वाटते. पण आतून तपासतात असं ऐकलंय, त्याची भीती वाटते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लग्नाआधी असलं काही करायचं नाही.

केतकी_फिजिओ:

जास्वंद, तुझ्या परवानगीशिवाय तुला कुणीही आतून तपासणार नाही, आणि तपासायलाच हवं असंही नाही. योनीमार्गातून हातमोजा घालून एका बोटाने तपासलं की स्नायूची ताकद, तो किती वेळ टिकतो, कुठे दुखतो हे नीट कळतं, म्हणून विवाहित बायकांना आम्ही तो पर्याय देतो. तोही समजावून, विचारून, आणि मधेच "थांबा" म्हटलं तर थांबून. अविवाहित मुलींत बाहेरून हात ठेवून बघता येतं, पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र ठेवून स्नायू उचलतोय का ते पडद्यावर दाखवता येतं. त्यात तुलाही स्वतःचा स्नायू हलताना दिसतो, शिकायला फार सोपं जातं. आईला सोबत घेऊन जा, आत बसू द्या म्हणून सांग. हक्काने सांग.

तुझ्या वयात आधी डायरी भर, लघवीची तपासणी कर. संसर्ग, चहा-कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक, परीक्षेचा ताण, यातलं काय आहे ते बऱ्याचदा डायरीतच सापडतं.

माई:

मी ६८ वर्षांची. नातीने हा धागा वाचायला दिला. दिवसा फारसं नाही, पण रात्री चार-चार वेळा उठते. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी आहे, संध्याकाळी पाय सुजतात. मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात घसरले, नशिबाने हाड मोडलं नाही. या वयात व्यायाम करून काय होणार?

केतकी_फिजिओ:

माई, नमस्कार. होणार, नक्की होणार. स्नायूला वय आडवं येत नाही, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. पण तुमच्या बाबतीत आधी व्यायामाकडे न जाता रात्री लघवी तयारच जास्त होतेय का ते बघूया. साखर वाढलेली असेल तर लघवी जास्त होते. मधुमेहाच्या काही गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यानेही प्रमाण वाढतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, मनाने वेळ बदलू नका. आणि पाय सुजतात म्हणताय, ते महत्त्वाचं आहे. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. दुपारी आणि संध्याकाळी पायाखाली उशा घेऊन तासभर पडा. सूज का येते हे मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्याच. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पाणी, दूध, चहा कमी. घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तरी रात्री लघवी वाढते.

पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यानेही घाई लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ त्यासाठी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम देतात.

शिवाय घोट्याजवळून सौम्य विजेचे झटके देण्याचा उपचार आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी टिबिअल नस आणि मूत्राशयाला जाणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या खालच्या, सेक्रल भागाशी जोडलेल्या असतात. घोट्यापाशी बारीक सुई लावून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे करतात. सुईऐवजी चिकटपट्ट्या लावूनही करता येतं. व्यायाम जमत नाही किंवा गोळ्या सोसत नाहीत अशांना तो उपयोगी पडतो. पेसमेकर असेल तर चालत नाही.

आणि माई, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा छोटा दिवा, दारात न सरकणारं पायपुसणं आणि भिंतीला धरायचा दांडा, हे याच आठवड्यात घरच्यांकडून करून घ्या. कळ आली की लगेच उठू नका. काठावर बसून झटपट आवळणं, दोन खोल श्वास, मग उठायचं.

वैदेही_योगवर्ग:

आमच्या वर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या ओटीपोटाचा तळ आवळण्याच्या योगक्रिया शिकवतो. बऱ्याच जणींना फायदा होतो. हे आणि केगल एकच ना?

केतकी_फिजिओ:

जवळचं आहे, आणि ज्यांना मूलबंध येतो त्या लवकर शिकतात असा अनुभव आहे. अश्विनी मुद्रेत भर गुदद्वाराच्या स्नायूवर असतो, पुढचा भाग मागे राहू शकतो. वर्गात एक गोष्ट जरूर सांगा, जितका वेळ आवळलं तितकाच किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण सोडायचं. सुरुवातीला तीन सेकंद टिकलं तरी पुरे, हळूहळू दहापर्यंत. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि लघवी करताना मधेच धार अडवून सराव करायला कुणी सांगत असेल तर तो करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

सुमित७:

बायकोसाठी विचारतोय. दुसरं बाळंतपण चिमटा लावून झालं, त्याला आता वर्ष होईल. बाहेर जायचं म्हटलं की ती आधी तिथे संडास कुठे आहे ते विचारते. आमच्या गावच्या लग्नालाही आली नाही. मी विषय काढला की रडते. खाजगी क्लिनिकचा खर्च लगेच झेपणार नाही. मी काय करू?

रेवा:

सुमित, तू विचारलंस हेच तिच्यासाठी मोठं आहे. उपाय सांगण्याआधी तिला सांग की यात तिचा काही दोष नाही, ती अस्वच्छ नाही आणि तुला तिची किळस येत नाही. बायका मनात हेच धरून बसतात. मग हा धागा तिला वाचायला दे आणि पहिल्या भेटीला तिच्यासोबत जा, मुलांना कुणाकडे ठेवायचं ती सोय तू बघ. घरी सरावाच्या वेळी दहा मिनिटं बाळाला तू घेतलंस तरी खूप.

खर्चाचं म्हणशील तर परळचं केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे आणि फिजिओथेरपी विभागही. केसपेपर काढून आधी स्त्रीरोग ओपीडीत दाखवायचं आणि तिथून फिजिओथेरपीसाठी लिहून घ्यायचं. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं. पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम कोण बघतं आणि कोणत्या वारी, हे आधी विचारून घे, कारण प्रत्येक फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाही. खाजगीत जायचं ठरलं तर राज्याच्या परिषदेची नोंदणी आहे का आणि या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोचू नका.

केतकी_फिजिओ:

सुमित, चिमट्याच्या बाळंतपणात या स्नायूंना इजा झालेली असू शकते, त्यामुळे तपासणी टाळू नका. खाली काहीतरी आल्यासारखं, जड वाटतं का तेही तिला विचारा. अंग (गर्भाशय किंवा मूत्राशय) खाली सरकलं असेल तर उपचाराची आखणी बदलते.

अनघा_विरार:

एक राहिलंच. मूत्राशयाला शिस्त लावायची तर लावू, पण रस्त्यात गरज पडलीच तर जायचं कुठे? पुरुषांच्या मुतारीला पैसे नाहीत आणि आमच्याकडून घेतात. संडास असला तरी कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही.

रेवा:

अगदी बरोबर, आणि हा राग रास्त आहे. याच मागणीसाठी २०११ पासून मुंबईत राइट टू पी ही चळवळ चालू आहे. कोरो आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्या बायकांनी वस्त्यांतून, स्टेशनांबाहेरून पाहणी केली, सह्या गोळा केल्या आणि बायकांना मोफत, स्वच्छ मुताऱ्या द्या म्हणून महापालिकेकडे पाठपुरावा केला. बायका दिवसभर तहान मारतात ती घरातल्या सवयीमुळे थोडीच, शहराने सोय केली नाही म्हणून. आपण व्यायाम करायचे आणि ही मागणीही लावून धरायची. स्टेशनवरचा संडास बंद दिसला की स्टेशनमास्तरकडे लेखी तक्रार द्या. मी आमच्या स्टेशनवर देते, ग्रुपमधल्या बायकांच्या सह्या घेऊन.

मुग्धा:

केतकीताई, पुढच्या आठवड्यात दाखवायचं ठरवलंय. जाताना काय न्यायचं? आणि अशी काही लक्षणं आहेत का की ज्यात थांबायचं नाही?

केतकी_फिजिओ:

तीन दिवसांची डायरी भरून ने, त्यात एक तरी सुट्टीचा दिवस असू दे, कारण घरी आणि ऑफिसात आपण वेगळं वागतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, लघवीचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट, बाळंतपणाचे कागद असतील तर तेही. सैल कपडे घाल. पाळी चालू असली तरी भेट रद्द करू नको, त्या दिवशी आतून तपासत नाहीत पण बाकी सगळं होतं. दुखतं ते सांगायला लाजू नको, पहिल्या वाक्यातच सांग, म्हणजे तपासणी त्या बेताने करतील.

थांबायचं नाही अशी लक्षणं म्हणजे लघवीतून रक्त, जळजळ आणि थंडीताप, लघवी अजिबात न होणं, आणि पाय अचानक लुळे पडणं किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणं. यातलं शेवटचं असेल तर तासही न घालवता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.